गिटार पुन्हा हाती घेताना बोटे का दुखतात?

दवाखान्यात रुग्ण हात पुढे करतो तो बहुधा नाडी बघण्यासाठी. गेल्या पावसाळ्यात एका गृहस्थांनी मात्र डावा हात टेबलावर उताणा ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर, ही बोटं बघा." चारही बोटांच्या टोकांवर खोल खाचा उमटल्या होत्या. तर्जनीची कातडी सोलवटलेली, अंगठ्याच्या मुळाशी थोडी सूज. वय ६१, बँकेतून निवृत्त. शेती नाही, गॅरेज नाही, मग हा प्रकार काय? थोडे लाजतच त्यांनी सांगितले, "गिटार काढलीय माळ्यावरून."

१९८० साली 'कर्ज' चित्रपट आला तेव्हा हे गृहस्थ सोळा वर्षांचे होते. गिटार वाजवता वाजवता ऋषी कपूरला त्यात गेला जन्म आठवतो. ते पाहून आपल्याकडच्या किती मुलांनी वडिलांकडे गिटारचा हट्ट धरला असेल, देव जाणे. यांनी धरला, एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी गिटार मिळवली, कॉलेजची तीन वर्षे बऱ्यापैकी वाजवली. पुढे नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणे. गिटार माळ्यावर गेली ती पस्तीस वर्षे तिथेच राहिली. आता निवृत्त झाल्यावर खाली उतरवली, नव्या तारा चढवल्या आणि पहिल्याच दिवशी दीड तास वाजवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दीड तास. पंधराव्या दिवशी माझ्यासमोर.

शेजारच्या क्लासमधल्या तरुण शिक्षकाने त्यांना धीर दिला होता, "काका, बोटं फुटल्याशिवाय गिटार येत नाही." घरच्यांनी वेगळाच सल्ला दिला होता, "या वयात कशाला हा खटाटोप?" आता ते मला विचारत होते, "सोडून देऊ का?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मी एकदा चुकीचे दिले आहे. आजच्या लेखाचे खरे कारण तेच आहे.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एक चित्रकला शिक्षक माझ्याकडे आले होते. वय पन्नासच्या घरात. तक्रार तीच, डाव्या हाताचे मधले बोट सकाळी मिटलेले राही आणि उघडताना खट्‌कन आवाज होई. मी गोळ्या लिहिल्या, पट्टा बांधायला सांगितला आणि वर म्हणालो, "गिटार बंद करा. बोट कायमचं अडकून बसेल. आणि खरं सांगू का सर, या वयात हवीय कशाला?" दोघेही हसलो. ते गेले. चारएक वर्षांनी भाजीबाजारात भेटले. मी सहज विचारले, "काय सर, गिटार काय म्हणते?" ते म्हणाले, "तुम्हीच तर सोडायला सांगितलीत. भाच्याला देऊन टाकली." बोट बरे झाले होते. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, आणि तेच मला जास्त लागले. त्यांच्या पत्नी बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "संध्याकाळी आता टीव्हीसमोर बसतात."

घरी येताना माझ्या लक्षात आले, की गिटार कशी वाजवता हे मी त्या माणसाला विचारलेच नव्हते. कंबर दुखते म्हणून कुणी आला, तर मी गादी कशी, खुर्ची कशी, ओझे कसे उचलता हे सारे विचारतो. कंबर दुखते म्हणून कुणाला झोपणे बंद करा असे सांगत नाही. मग वाद्याच्या बाबतीतच आम्ही डॉक्टर मंडळी इतक्या सहजपणे 'बंद करा' का म्हणतो? कारण मनात कुठेतरी आम्ही ती चैन समजतो. मला वाटते, हे बदलले पाहिजे.

म्हणून या वेळी मी बँकवाल्या गृहस्थांना सांगितले, "रविवारी सकाळी गिटार घेऊन या." ते खरोखरच आले. बाहेर बाकावर बसलेल्या दोन आजीबाई कुतूहलाने डोकावून गेल्या. मी मेडिकलला असताना गॅदरिंगपुरती गिटार वाजवत असे, त्यामुळे अगदीच अनभिज्ञ नव्हतो. त्यांना म्हटले, "वाजवा, मी हाताकडे बघतो."

जे दिसले ते गिटार न येणाऱ्यालाही दिसले असते. बोटांची पेरे दाबून पांढरी पडली होती. अंगठा गिटारच्या मानेमागे असा रुतला होता, जणू काही बरणीचे गच्च बसलेले झाकण उघडायचे आहे. मनगट आत मुडपलेले, डावा खांदा कानाकडे चढलेला. आणि गंमत म्हणजे कठीण जागा आली की ते श्वास रोखून धरत. इतका जोर लावून सूर कसा येत होता? फरफरलेला! म्हणजे कष्ट पुरेपूर आणि पदरात काही नाही.

आता थोडे शरीरशास्त्र. बोट मिटण्याची मुख्य ताकद बोटात नसते. ते काम करणारे स्नायू कोपराखाली, पुढच्या हातात असतात. तिथून कंडरा, म्हणजे पांढऱ्या चिवट दोऱ्या, मनगटातून बोटांच्या टोकापर्यंत जातात आणि स्नायू आखडला की बोट ओढले जाते. कळसूत्री बाहुली आणि तिचा सूत्रधार यांच्यासारखाच हा प्रकार आहे. या दोऱ्या मनगटात एका अरुंद बोगद्यातून जातात. बोटे आणि अंगठा मिळून नऊ कंडरा आणि त्यांच्याबरोबर एक मोठी नस, एवढी सगळी वाहतूक त्या एका बोगद्यातून. मनगट सरळ असते तेव्हा सगळे सुरळीत चालते. मनगट आत मुडपले आणि वर जोर लावला की बोगद्यातला दाब वाढतो आणि नस चेपते. मग रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येतात, माणूस झोपेतून उठून हात झटकतो. आमच्या गृहस्थांना हे नुकतेच सुरू झाले होते.

दुसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नव्याने शिकणाऱ्यापेक्षा पुन्हा वळणाऱ्याला इजा होण्याची भीती जास्त असते. नवशिक्याला काही येतच नसते, दहा मिनिटांत तो कंटाळतो. पण ज्याला पूर्वी येत होते त्याच्या मेंदूत सगळे कॉर्ड जसेच्या तसे जपलेले असतात. सायकल चालवणे माणूस विसरत नाही, त्यातलाच हा प्रकार. मेंदू वीस वर्षांचा आणि बोटे एकसष्ट वर्षांची! मेंदू हुकूम सोडत राहतो आणि बिचारी बोटे धावत राहतात. कातडीला घट्टे पडायला तीन-चार आठवडे पुरतात. स्नायूही काही आठवड्यांत सुधारतात. कंडरांना मात्र रक्तपुरवठा कमी, त्यांना जोर यायला महिने लागतात. म्हणजे बोटांची टोके दुखायची थांबली आणि माणसाला वाटले आता काय हरकत आहे, नेमक्या त्याच वेळी आतली दोरी कच्ची असते.

त्या रविवारी पहिला निदानाचा मुद्दा हाताचा नव्हताच, वाद्याचा होता. शाळकरी मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन मी बाराव्या पडद्यापाशी तार किती उंच आहे ते मोजले. (गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना सतारवाले पडदे म्हणतात आणि गिटारवाले फ्रेट.) अंतर भरले पाच मिलिमीटर! बोटांनी वाजवायच्या स्टीलच्या तारांच्या गिटारला ते साधारण दोन ते अडीच मिलिमीटर असावे. मग उलगडा झाला. ज्या ऑर्केस्ट्रावाल्याकडून ती घेतली तो हवाईयन गिटार वाजवीत असे. मांडीवर आडवी ठेवून तारांवरून लोखंडी कांडी सरकवायची, हा तो प्रकार. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी हाच प्रकार शास्त्रीय संगीतात आणला. त्यात तारा पडद्याला टेकवायच्याच नसतात, म्हणून खुंट्यांकडची पट्टी मुद्दाम उंच बसवतात. अशा गिटारवर बोटांनी कॉर्ड धरायचे म्हणजे बैलगाडीला मोटारीच्या वेगाने हाकण्यासारखे आहे. तरुणपणी त्यांनी ते कसे निभावले हे तरुणपणालाच ठाऊक.

जुन्या गिटारी केवळ माळ्यावर राहूनही अशा होतात. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. तारा ताणलेल्याच ठेवून वर्षानुवर्षे गेली, त्यात आपल्याकडचा दमट पावसाळा आणि कोरडा उन्हाळा, की मान किंचित वाकते, पोट फुगते आणि तारा उचलल्या जातात. म्हणून माझा पहिला सल्ला डॉक्टरकडे जाण्याचा नाही, वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे जाण्याचा आहे. आमच्या गावात गिटारचा खास कारागीर नाही. पण हार्मोनियम-तबला दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी ती उंच पट्टी काढून दुसरी बसवली, ब्रिजवरचे हाड घासून दिले आणि तार अडीच मिलिमीटरवर आणली. शिवाय जाड तारा काढून हलक्या तारांचा संच चढवला. एवढ्यानेच निम्मे दुखणे गेले. माझ्या कुठल्याही गोळीने इतक्या लवकर गेले नसते.

ज्यांना लगेच दुरुस्ती शक्य नाही त्यांनी सर्व तारा अर्ध्या सुराने उतरवून वाजवावे. ताण दहा-अकरा टक्क्यांनी कमी होतो. आपल्या आवाजाला पट्टी जुळत नसेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो लावावा. अंगठ्याच्या सांध्याचे जुने दुखणे असलेल्यांनी नायलॉनच्या तारांच्या गिटारचा विचार करावा. तिच्या तारांचा ताण स्टीलच्या मानाने बराच कमी, जवळपास निम्म्यावर येतो. मात्र तिची मान रुंद असते, लहान पंजा असेल तर आधी दुकानात धरून पाहावी. स्टीलच्या गिटारवर नायलॉन किंवा नायलॉनच्या गिटारवर स्टील असा उलटसुलट प्रयोग मात्र करू नये. दुसऱ्या प्रकारात तर गिटारचा ब्रिज उखडून येतो.

आता बोटाकडे येऊ. तार दाबायची म्हणजे नेमके काय करायचे? लोकांची समजूत अशी, की तार लाकडाला टेकली पाहिजे. तसे नाही. तार फक्त पुढच्या पडद्याला टेकली पाहिजे, लाकडाशी तिचे काही देणेघेणे नाही. मग बोट कुठे ठेवावे? पडद्याच्या अगदी मागे, जवळजवळ चिकटून, पण त्याच्यावर नव्हे. दोन पडद्यांच्या मधोमध किंवा आणखी मागे बोट ठेवले की तीच तार टेकवायला जास्त जोर लागतो, आणि जोर कमी पडला की ती फरफरते. फरफरली की माणूस जागा बदलत नाही, जोर वाढवतो. सगळे दुखणे इथून सुरू होते.

यासाठी एक प्रयोग मी त्या गृहस्थांकडून करून घेतला. तो घरी कुणालाही करता येईल. बोट तारेवर नुसते ठेवा, फुलाला लावावे तसे. उजव्या हाताने तार छेडा. थप्प असा बोदा आवाज येईल. आता छेडत राहा आणि बोटाचा दाब अगदी हळूहळू वाढवा. थप्पचा फरफराट होईल आणि मग एका क्षणी सूर स्वच्छ होईल. तिथे थांबा. एवढाच जोर लागतो. याच्यापुढे लावलेला सगळा जोर वाया जातो आणि वर सूरही किंचित चढतो, बेसूर होतो. आमचे गृहस्थ या जागेवर आले तेव्हा तीन वेळा पुन्हा पुन्हा करून पाहिले आणि म्हणाले, "अहो, इतकंच?" त्यांच्या बोटाचा नखाखालचा भाग गुलाबीच होता, पांढरा पडला नव्हता.

रोज वाजवायला बसताना पहिली दोन मिनिटे हाच प्रयोग प्रत्येक बोटाने करावा. करंगळीलाही सोडू नये. करंगळी दुर्बळ म्हणून ती घाबरते आणि ताठ होऊन हवेत उभी राहते. ती उभी राहिली की शेजारच्या बोटालाही ताण बसतो. बोट तारेवरून उचलतानाही फार उंच उचलायचे कारण नाही. तारेपासून अर्धा-एक सेंटिमीटर पुरे.

अंगठ्याचे प्रकरण वेगळे सांगायला हवे, कारण आमच्याकडे येणाऱ्यांत बोटांच्या टोकांपेक्षा अंगठ्याच्या मुळाशी दुखणारे अधिक, आणि त्यातही पन्नाशीपुढच्या स्त्रिया. त्या सांध्याची झीज या वयात सुरू होते आणि चिमटीत जोराने दाबणे त्याला अजिबात मानवत नाही. गिटार धरताना अंगठा आणि बोटे यांची चिमटी होते. ती सोडवण्याची युक्ती अशी: कॉर्ड धरा आणि अंगठा मानेपासून चक्क बाजूला घ्या. उजव्या हाताचे कोपर गिटारच्या अंगावर ठेवलेले असतेच, त्याच्या वजनाने गिटार छातीशी टेकलेली राहू द्या आणि डाव्या हाताचे नुसते वजन मागे ओढू द्या. अंगठ्याशिवाय सूर निघतो! थोडा कच्चा असेल, पण निघतो. मग अंगठा परत आणा तो टेकू म्हणून, पक्कड म्हणून नव्हे.

तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा धरायच्या, तो एफ कॉर्ड म्हणजे तर परत आलेल्यांचा कर्दनकाळ. इथेही ताकदीपेक्षा जागा महत्त्वाची. तर्जनीची मऊ, सपाट बाजू टाकू नये. बोट किंचित अंगठ्याच्या बाजूला कलंडवून हाडाची कड टेकवावी. शिवाय त्या कॉर्डमध्ये मधल्या तारा इतर बोटांनी धरलेल्याच असतात. तर्जनीने फक्त टोकाच्या तारा दाबल्या तरी भागते, हे पुष्कळांना कुणी सांगतच नाही. आणि पहिले दोन महिने हा कॉर्ड नाही वाजवला तर काय बिघडले? चार तारांवरचा लहान एफ घ्या. ज्या गाण्यात तो सतत येतो ते गाणे दिवाळीनंतर घ्या.

वेळ किती? दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे. दोन आठवडे एवढेच, मग दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत. घड्याळ समोर ठेवावे, कारण मघाशी सांगितलेला वीस वर्षांचा मेंदू काही थांबू म्हणणार नाही. आंघोळ किंवा कपडे-भांडी धुऊन झाल्यावर लगेच गिटार घेऊ नये, कातडी भिजून मऊ झालेली असते आणि तार तिला चिरते. एका शिक्षिका भगिनींची बोटे केवळ या कारणाने दर आठवड्याला फुटत होती. त्यांनी वेळ बदलली, भांड्यांच्या आधी गिटार, आणि प्रश्न मिटला. (भांडी घरातल्या दुसऱ्या कुणी घासली तरी प्रश्न मिटला असता, पण तो विषय या सदराबाहेरचा आहे.)

आणखी एक गोष्ट पुरुषमंडळींसाठी. मोटारसायकलचा क्लच कुठल्या हाताने दाबता? डाव्या. बाजारपेठेच्या गर्दीतून अर्धा तास क्लच दाबत घरी यायचे आणि तोच हात लगेच गिटारवर ठेवायचा, म्हणजे त्याच स्नायूंना जोडून दुसरी पाळी. तासभर मध्ये जाऊ द्यावा. कोमट पाण्यात दोन मिनिटे हात बुडवून, पुसून, पूर्ण कोरडा होऊ द्यावा, मग वाजवावे. डाव्या हाताची नखे मात्र अगदी बोटाबरोबर कापलेली हवीत. नख वाढले की बोट आडवे पडते आणि बाकी सगळे शहाणपण फुकट जाते.

दुखणे कुठले चालेल आणि कुठले नाही? टोकांची कातडी हुळहुळणे, दुसऱ्या दिवशीपर्यंत निवळणे, हे चालेल. कातडी फाटली, रक्त आले तर ती भरेपर्यंत सुटी. सांध्यात किंवा मनगटात दुखते, दुसऱ्या दिवशी सकाळीही तसेच आहे, तर आदल्या दिवशी जास्त झाले, वेळ निम्मी करावी. रात्री मुंग्या येणे, बोट अडकणे, हातातून कप निसटणे, सूज न उतरणे, ही लक्षणे आठवड्याच्या वर राहिली तर डॉक्टरांना दाखवावे. बोट अडकण्यावर आज उपाय आहेत. विश्रांती, रात्री लावायची पट्टी, गरज पडल्यास इंजेक्शन, क्वचित छोटी शस्त्रक्रिया. यातला कुठलाही उपाय म्हणजे गिटारची उत्तरक्रिया नव्हे. वेदनाशामक गोळी घेऊन वाजवायला बसणे हा मात्र शुद्ध वेडेपणा. घरात आग लागली असताना घंटा बंद करून झोपण्यापैकीच ते. शिवाय पोट आणि मूत्रपिंड यांचे नुकसान वेगळेच.

मधुमेहींनी विशेष जपावे. बोट अडकणे आणि मनगटातली नस चेपणे, दोन्ही त्यांच्यात अधिक आढळते. जुना मधुमेह असेल तर बोटांचे सांधेही ताठरतात. घरीच पाहायचे असेल तर नमस्कार करा. दोन्ही तळवे आणि बोटे एकमेकांना पूर्ण चिकटत नसतील, मध्ये फट राहत असेल, तर तसे डॉक्टरांना सांगा. साखर आटोक्यात ठेवा आणि बोटांच्या चिरांकडे घट्टा म्हणून दुर्लक्ष करू नका. आमच्या गृहस्थांची साखर तपासली तेव्हा ती वाढलेली निघाली. त्यांना ठाऊकच नव्हते. गिटारने केलेला हा उपकार ते गमतीने सगळ्यांना सांगतात.

आणि एक अत्यंत महत्त्वाचे. पन्नाशीपुढच्या माणसाचा डावा हात खांद्यापासून भरून आला, छातीवर दडपण, घाम, चालताना धाप, तर 'गिटारमुळे असेल' म्हणून बाम चोळत बसू नका. ताबडतोब इस्पितळ गाठा. गिटारचे दुखणे बोटांत, अंगठ्यात, मनगटात, फार तर कोपराजवळ असते. छातीत नसते.

राहिला प्रश्न 'या वयात'चा. स्पेनचे थोर वादक आंद्रेस सेगोविया १९८७ साली वयाच्या ९४ व्या वर्षी वारले. नव्वदी ओलांडल्यावरही ते मैफली करीत होते. वयाचे सोडा, बोटांचेच घ्या. युरोपातला जँगो राईनहार्ट १९२८ साली गाडीला लागलेल्या आगीत भाजला, डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर तो असा वाजवू लागला, की आजही जाझ वाजवणारे त्याच्या तबकड्या ऐकून चकित होतात. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोके गेली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायच्या हाताचीच बोटे. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा खाली उतरवल्या. तोच पुढे ब्लॅक सॅबथचा गिटारवादक झाला. तो जोर वाढवत बसला नाही, वाद्य बोटाला जुळवून घेतले, एवढे आपल्यापुरते पुरे. त्याचे संगीत आमच्या गृहस्थांना झेपणारे नाही, मलाही नाही.

क्लास चालवणाऱ्या तरुण मित्रांशीही दोन शब्द बोलायचे आहेत. 'बोटं फुटल्याशिवाय येत नाही' हे वाक्य तुम्ही प्रेमानेच म्हणता. पण सोळा वर्षांच्या मुलाला ते जसे चालते तसे साठीच्या माणसाला चालत नाही. तो तुमच्यापेक्षा मोठा असतो, फी वेळेवर देतो, आणि दुखले तर संकोचाने बोलत नाही, एक दिवस नुसता यायचा थांबतो. त्याला बोटे कुठे ठेवायची हे मोबाईलवरच्या धड्यातही दिसते. किती दाबायचे हे मात्र कुठल्याच चित्रात दिसत नाही, ते शेजारी बसलेल्या माणसालाच दाखवता येते. पहिल्या दिवशी त्याची गिटार तपासा, पट्टीने तार मोजा, मग त्याच्या पेरांचा रंग बघा. २०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडे कितीतरी घरांत गिटारी आल्या. त्यातल्या बऱ्याच आता कपाटावर धूळ खात आहेत. त्या कंटाळ्याने वर गेल्या असे सगळे म्हणतात. मला शंका आहे, की त्यातल्या काही उंच तारांमुळे आणि दुखऱ्या अंगठ्यांमुळे गेल्या असाव्यात.

आमच्या गृहस्थांचे आता पाचवा महिना चालू आहे. रात्रीच्या मुंग्या तिसऱ्या आठवड्यात थांबल्या, अंगठा अजून कधीमधी कुरकुरतो. एफ अर्धाच निघतो. रोजचे वीस मिनिटांचे चाळीस झाले आहेत, त्याच्यापुढे जायचे नाही असा आमचा करार आहे. नातीच्या वाढदिवसाला त्यांनी दोन गाणी वाजवली. घरच्यांनी 'या वयात' म्हणणे सोडलेले नाही, फक्त आता ते पाहुण्यांसमोर कौतुकाने म्हणतात.

त्या चित्रकला शिक्षकांना मी गेल्या महिन्यात फोन केला. त्या वेळी मी घाईने सांगितले, चूक माझी, असे स्पष्ट म्हटले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गिटार भाच्याकडे आहे, त्याच्या मुलाला आवडते, आता परत कशी मागायची?" मी म्हटले, "मागू नका. नवी घ्या, पण घेण्याआधी मला फोन करा. पट्टी घेऊन मी दुकानात येतो." येत्या रविवारी जायचे ठरले आहे.

(पुढील आठवड्यात : पावसाळ्यातील पायाच्या चिखल्या)